पावाच्या कपाटातली काडतुसं

मी थापाड्या आहे हे मान्य, पण ज्या दिवशी मी खरं बोललो ना, त्याच दिवशी जावयाचा बंदुकीचा परवाना जायची वेळ आली.

आमचे जावईबापू जर्मनीत वोल्फ्सबुर्गला इंजिनिअर आणि दर शनिवारी नेमबाजीच्या क्लबात; मी त्यांच्याकडेच राहायला. काडतुसांचा तुटवडा पडून भाव चढायला लागले तसा क्लबातला जो तो साठा करत सुटला. मग हे कशाला मागे राहतात! कायद्याप्रमाणे काडतुसं कुलपातच हवीत, पण लोखंडी कपाट भरलं आणि उरलेली चार खोकी पावाच्या कपाटात गेली.

"सोमवारी नवीन कपाट येतंय, बाबा. तोवर कुठे बोलू नका."

शुक्रवारीच बेल वाजली. दारात सरकारी बाई, न कळवता बंदुका-काडतुसांच्या तपासणीला आलेल्या. मी धावत वर गेलो.

"अहो, खरंच कंट्रोले आलीय, तपासणी!"

"गेनाऊ, अगदी बरोबर!" जावई हसले. "गेल्या महिन्यात शेजारच्या क्लाउसला सरकारी टोपी चढवून तपासनीस म्हणून पाठवलंत, तशीच ना?"

"आईशप्पथ, या खऱ्या आहेत!"

ऐकतील तर शपथ! खाली येऊन बाईंना ऐटीत म्हणाले, "या, खरा माल पावाशेजारी आहे!" आणि कपाट उघडलं.

बाईंनी ओळखपत्र पुढे केलं. जावई पांढरेफटक. बाईंनी उभ्या उभ्या सगळं लिहून घेतलं.

"परवान्याचं ऑफिस ठरवेल," त्या म्हणाल्या. मग पेन खिशात ठेवून हळूच विचारलं, "आल्झो, म्हणजे बघा, मीही नेमबाजी करते. तुम्हाला एवढी काडतुसं मिळाली कुठे?"