पालथा नान

...आणि मी काय म्हणतो, उजेड वरून पडणार तर वरचीच बाजू उजळणार, हे मला कळत नव्हतं का? तुम्हाला सांगतो, अख्ख्या मर्गिलान शहराला मीच मूर्ख दिसलो. जो भेटेल तो, "एर्गाश, एवढं अतिनील दिव्यांचं यंत्र आणलंस आणि तुझ्या भट्टीच्या नानला बुरशी?" अरे, आणलं ना बाबा. नान निवला की पट्ट्यावरून दिव्याखाली जातो, बुरशी धरायच्या आधीच मरते, मग पाकीटबंद होऊन मुलांच्या सॅनिटोरियमला. छातीच्या दुखण्याची दीडशे मुलं आहेत तिथे. माझी धाकटी दोन वर्षांपूर्वी तिथेच होती, म्हणून तर यंत्राचा हट्ट.

आता त्या यंत्राला दोन दिव्यांच्या मधे एक लोखंडी हात होता. पहिल्या दिव्याखाली वरची बाजू झाली की हा हात नान उलटवणार आणि दुसऱ्या दिव्याखाली खालची बाजू. पहिला दिवस, पहिला नान, सगळे बघताहेत, हात आला, उचलला, थाप... पालथा. यंत्र चालू, माणसं बंद. होलमत उस्ता, आमचे मुख्य कारागीर, पुढे आले. पन्नास वर्षं तंदूरशी उभा राहिलेला माणूस, माझ्या बापालाही यांनीच नान थापायला शिकवलं. त्यांनी नान उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला, सुलटा ठेवला, कमरेचं फडकं सोडलं आणि चालू पडले. मागोमाग अकराच्या अकरा कामगार. मी फाटकापर्यंत धावलो, "उस्ता, अहो यंत्र आहे ते, त्याला काय कळतंय?" तर शांतपणे म्हणतात, "त्याला नाही कळत. तुला कळतं ना?" आमच्याकडे नान पालथा ठेवणं म्हणजे अन्नाचा अपमान, ठेवायचा नाही म्हणजे नाही. काढला तो हात, तेव्हा कुठे सगळे परतले.

तिसऱ्या महिन्यात आरोग्य खात्याचं पत्र. सॅनिटोरियमच्या स्वयंपाकीणबाईंनी पाकीट फोडलं तर नान वरून लखलखीत आणि खालून हिरवा. कुठल्या मुलाच्या तोंडी गेला नाही एवढंच नशीब. पत्रात काय? आठ दिवसांनी तपासणी, दोन्ही बाजूंची. खालची बाजू नापास तर भट्टीला सील. बारा घरं आहेत हो या भट्टीवर, माझं धरलं तर तेरा.

उस्ता नमाजाला गेलेले बघून मी हळूच कामगारांना म्हटलं, हातानेच पालथे करा रे, कोण बघतंय. तर एकाला एकदम पीठ चाळायचं आठवलं, एकाची कंबर धरली, एक तर उभ्या उभ्या बहिरा झाला. म्हटलं, भेकड लेकाचे, मी करतो. दार लावलं. नान हातात घेतला. आणि तुम्हाला सांगतो, मनगट वळेना... लहानपणी जेवणाच्या दस्तरखानावर माझ्या हातून नान पालथा पडला होता तेव्हा आईने मारलेली चापट आठवली, चाळीस वर्षांनी गाल गरम झाला. सुलटाच ठेवला परत. दार उघडतो तर समोर उस्ता.

"झालं?"

"नाही."

"मग दिवा खाली लाव की. नानला कशाला छळतोस?"

काय बोलता? यंत्र बनवणारे शिकलेले, मी शिकलेला, आणि तीन महिने ही गोष्ट कुणाच्या टाळक्यात शिरली नाही. पट्टा काढला, जाळी बसवली, दुसरा दिवा जाळीखाली. हे होईतो सातवा दिवस मावळला.

आठव्या दिवशी तपासणीला खात्याच्या मुकद्दस ओपा, म्हणजे ताई. बारीक बाई, जाड चष्मा, चहा पुढे केला तर कपाकडे बघितलंसुद्धा नाही. कापसाची काडी वरून फिरवली. "आता खालची बाजू. पालथा करा." कुणी हलेना. उस्ता भिंतीकडे बघताहेत, मी बुटांकडे. "अहो, मला दिवसभर हेच काम आहे का?" म्हणत बाईंनी हातमोजा घातलेला हात स्वतःच पुढे केला, नान धरला... आणि थांबल्या. शेजारच्या अँदिजान शहरातल्या त्या, त्यांनाही आई होतीच की. मग खालच्या आवाजात मला म्हणतात, "डोक्यावर धरा. अजून उंच. हलवू नका." मी दोन्ही हातांनी नान उंच धरलेला, तो जरा कलतोय, ओपा मान वर करून खालून काडी फिरवताहेत आणि वरचे तीळ त्यांच्या चष्म्यावर टपटप. पुसलेसुद्धा नाहीत त्यांनी.

पाच दिवस निकालाची वाट. सहाव्या दिवशी कागद आला, दोन्ही बाजू साफ. उस्तांना वाचून दाखवला तर म्हणतात, "बरं. पीठ मळा."

संपलं असं वाटलं ना? मलाही वाटलं. पण ओपांच्या चष्म्यावर पडले तसेच तीळ आता जाळीतून दिव्याच्या काचेवर पडतात. काच झाकली की दिवा असून नसल्यासारखा. म्हणून दर तासाला दिवे बंद करून खाली सरपटत शिरायचं आणि पाठीवर पडून काच पुसायची. कामगार म्हणतात, पोट अडतं. उस्ता सत्तरीचे, त्यांना कोण सांगणार? राहिलं कोण?

तर तुम्हाला सांगतो, आमच्या भट्टीत अजून एकही नान पालथा झालेला नाही. मालक तेवढा तासातासाला उताणा असतो.