चार काडतुसं

अमेरिकेत वायोमिंगच्या एका खाटकाकडे शिकारीतला एल्क, म्हणजे सांबरासारखं हरीण, कापून घ्यायला ही भली मोठी रांग लागली होती. रांगेतल्या मार्लीच्या पुढेच बहीणभाऊ उभे होते. गाडीतला एल्क बहिणीने मारलेला, भावाकडे नुसती नवी रायफल.

"ताई, हजार यार्डांवरचं नाणं टिपते ही!"

"टिपत असेल. तुझा एल्क किती लांब होता?"

"साठ यार्ड."

"अरेरे, फारच जवळ आला बिचारा!"

"चार गोळ्या झाडल्या मी. रायफलवरची दुर्बीणच हललेली असणार."

"मला एकही ऐकू आली नाही."

"वारा होता ना!"

"ऑरिन, हात पुढे कर. हे तिथे तुझ्या पायाशी सापडलं."

"ही... ही तर अख्खी काडतुसं आहेत."

"चारही! चाप एकदाही ओढला नाहीस, राजा. नुसता बोल्ट मागेपुढे करून काडतुसं खाली पाडत बसलास."

मार्लीने हसू दाबायला ओठ गच्च चावले.

"नऊ वर्षांनी सोडतीत शिकारीचा परवाना लागला गं. एल्क समोर आला आणि हातपायच कापायला लागले."

"हं."

"उद्या हंगामाचा शेवटचा दिवस. येशील सोबत?"

"येईन. पण काडतूस एकच देईन. खाली पाडलंस तर शोधायला तरी सोपं."