कोबीची स्थळप्रत

...नाही, पण मी म्हणतो, एका माणसाचं जेवण ते केवढं! मूठभर तांदूळ, त्याहून कमी डाळ, एखादी भाजी, संपला विषय. त्यासाठी काय आठवड्याचा आराखडा करायचा असतो? पण हे आमच्या लेकीपुढे बोलायची सोय आहे का? ती शाळेत गणित शिकवते. तिच्यापुढे वर्गातले चाळीस जण तोंड उघडत नाहीत, तिथे मी एकटा काय उघडणार!

त्याचं झालं असं, की आमच्या हिला जाऊन आठ महिने झाले. नाही, नाही, चेहरे पाडू नका, ते सगळं लोकांचं करून झालंय. तर आठ महिन्यांनी एका शनिवारी लेक आली आणि तिनं थेट फ्रीज उघडला. अचानक तपासणी! चौतीस वर्षं मी कचेरीच्या अभिलेख कक्षात काढली, आमच्याकडे अचानक तपासणीची बातमी तीन दिवस आधी यायची, फायलींवरची धूळ झटकायला वेळ मिळायचा. इथे काहीच नाही. फ्रीजमध्ये काय? दूध, अर्धी काकडी आणि माझ्या डोळ्यांत घालायचे थेंब.

"बाबा, तुम्ही जेवता काय?"

"जेवतो की."

"काय जेवता, ते विचारतेय."

आता चहात बुडवलेल्या टोस्टला जेवण म्हणावं की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. मी ते तिला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "बास. हे घर बंद करायचं आणि माझ्याकडे यायचं. तुमची खोली तयार आहे."

खोली मी पाहिलीय. चांगली आहे. पंखा आहे, जावई भला माणूस आहे, रोज सकाळी "झोप झाली ना?" विचारतो आणि उत्तरासाठी थांबतोसुद्धा. पण त्या खोलीत ही कधी बसलेली नाही हो. इथे खिडकीशी तिची खुर्ची आहे, खुर्चीच्या उजव्या हातावरचा रंग हिच्या कोपरानं गेलाय. तुम्ही म्हणाल, खुर्ची घेऊन जा. नेईन. पण खिडकी? ती कशी उचलू?

हे काही मी लेकीला बोललो नाही. मी फक्त म्हणालो, "एक संधी दे." तिनं बोट वर केलं, फळ्यापुढे करते तसं. "उद्या रविवार. उद्या आठवड्याचं एकदम शिजवायचं, डबे भरायचे, वार लिहायचे, फ्रीजमध्ये ठेवायचे. पुढच्या रविवारी दुपारी मी येणार. डबे रिकामे दिसले तर राहा इथे. नाही दिसले तर सामान बांधायचं."

बघा म्हणजे! डब्यांवर माझं घर टांगलेलं!

तर बसलो आखणी करायला. पट्टी घेतली, पेन्सिल घेतली, सोमवार ते रविवार, दोन वेळा, चौदा चौकोन. सोमवार कोबी, मंगळवार बटाटा, बुधवार पुन्हा कोबी, कारण भाजीवाली अर्धा कोबी देईना! मी तिला म्हटलं, "बाई, एकट्यापुरता द्या." ती म्हणाली, "काका, एकट्यापुरता कोबी उगवत नाही." अख्खा घेतला. म्हणून गुरुवारीही कोबी. एका माणसाचं जेवण ते केवढं, आणि कोबी तो केवढा!

मग हिची वही काढली. हिनं आपल्या हातानं लिहिलेली, डागांनी भरलेली. उघडली आणि कपाळाला हात लावला! "पाणी, लागेल तेवढं." "शिजवणे, वास येईपर्यंत." "मीठ, नेहमीचं." नेहमीचं म्हणजे? माझ्या टेबलावरून चौतीस वर्षांत असा एक मसुदा पुढे गेला नसता! साहेबांनी लिहून पाठवलं असतं, 'नेहमीचं म्हणजे किती, खुलासा करावा.' आणि खुलासा करणारी बाई... असो.

प्रमाणं तेवढी आकड्यांत होती. एका वेळेला डाळ इतकी, तांदूळ इतके. मी नियमाचा माणूस, प्रत्येक आकड्याला चौदानं गुणलं. घरात होती नव्हती ती सगळी पातेली काढली. चारही शेगड्या पेटल्या. काच वाफेनं धूसर झाली, डाळ उतू गेली, बटाटे खाली लागले, आणि वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई जिन्यातून ओरडल्या, "भाऊजी, काही जळतंय का हो?" मी म्हटलं, "नाही, शिजतंय!" त्या म्हणाल्या, "मग खिडकी उघडा, शिजलेलं बाहेर जाऊ द्या!"

आता डबे. हिनं आयुष्यात डबा टाकला नाही. फडताळात मोठ्या डब्यात छोटा डबा, अशा जोड्या रचलेल्या. मोठ्यातला छोटा बाहेर काढायचा, मोठा भरायचा, छोटा भरायचा, झाकणं लावायची. हात चालत होते. सोमवार सकाळ, सोमवार संध्याकाळ, चिठ्ठ्या डकवत होतो. अन्न बरोबर पुरत होतं, एक पळी कमी नाही, एक पळी जास्त नाही. मी म्हटलं, वा! शेवटचं झाकण लावलं आणि मोजले. अठ्ठावीस.

अठ्ठावीस!

पुन्हा मोजले. चौदा मोठे, चौदा छोटे. मोठ्यात माझं. छोट्यात... ती कमी जेवायची. वहीतली प्रमाणं दोघांची होती, आणि ते ना मला गुणताना सुचलं, ना भरताना. चिठ्ठ्यासुद्धा दोन-दोन लिहिलेल्या, माझ्याच अक्षरात!

मी उभाच राहिलो. मग स्वतःला म्हटलं, घाबरू नकोस, ही सवय कचेरीची आहे. आमच्याकडे कुठलाही कागद दोन प्रतींत निघायचा. एक ज्याची त्याला जायची, दुसरी आपल्याकडे राहायची, तिला स्थळप्रत म्हणतात. तर हे छोटे डबे म्हणजे स्थळप्रत. पटलं मला. पटवून घेतलं म्हणा. अठ्ठावीस डबे कोंबले, तर फ्रीजचं दार लागेना. शेवटी फायली बांधायची लाल फीत घरात होती, तिनं दार बांधलं.

पण पुढे काय? लेकीला डबे रिकामे हवेत. आणि स्थळप्रत नष्ट करायला वरून परवानगी लागते, फेकून कशी देणार? सोमवारी छोटा डबा घेऊन नर्सबाईंकडे गेलो. त्यांनी घास घेतला, थांबल्या. "भाऊजी, मी तीस वर्षं आजाऱ्यांची ताटं पाहिली, त्यालासुद्धा मीठ असायचं हो!" मंगळवारी खालच्या पहारेकऱ्याला दिला. बुधवारी मला डब्यासकट जिना उतरताना बघून तो उठला. "साहेब, मी फेरीला निघालो." "अरे, आत्ता तर आलास!" "दुसरी फेरी, साहेब." माणूस कोबीला भिऊन असा पळालेला मी पाहिला नव्हता.

मग त्या दिवसापासून मीच. मोठाही मी, छोटाही मी. दोन्ही टेबलावर मांडायचे, आधी माझा संपवायचा, मग थोडं थांबायचं आणि दुसरा. का थांबायचो? सांगू? ती नेहमी सावकाश जेवायची. माझं झालं तरी मी तिच्यासाठी बसून राहायचो. उठायची आमच्यात पद्धत नव्हती. म्हणे एका माणसाचं जेवण ते केवढं...

रविवार उजाडला. लेक आली. चप्पल काढली, फीत सोडली, फ्रीज उघडला. आत फक्त रविवारचे डबे. मी छाती पुढे काढली. तिनं वळून ओट्याकडे पाहिलं. तिथे धुतलेले डबे उपडे घातले होते, मोठा, छोटा, मोठा, छोटा... गणिताची बाई हो ती! तिचे ओठ हलले. मोजत होती.

"बाबा, छोटे कशाला?"

"स्थळप्रत," मी म्हणालो.

हसेल वाटलं. हसली नाही. गेली, खिडकीशी त्या खुर्चीत बसली, आठ महिन्यांत तिथे कोणी बसलं नव्हतं, आणि म्हणाली, "आणा ती इकडे." मी सकाळचा छोटा डबा दिला. गरमसुद्धा करू दिला नाही तिनं. एक घास खाल्ला.

"मीठ नाहीये."

"नेहमीचं घातलंय."

"नेहमीचं म्हणजे किती?"

"आठवडाभर तेच विचारतोय मी त्या वहीला!"

मग ती खाली बघून खात राहिली. माझा डबा आधी संपला. मी बसून राहिलो. तिनं तळाची डाळसुद्धा बोटानं पुसून खाल्ली, कोपर खुर्चीच्या त्या रंग गेलेल्या जागी टेकवून.

मी विचारलं, "मग? सामान बांधू?"

झाकण लावता लावता म्हणाली, "एवढ्यात नको. आणखी महिनाभर बघू."

आता हे ऐकून तुम्हाला वाटेल, काहीच ठरलं नाही. अहो, चौतीस वर्षांचा अनुभव सांगतो, 'बघू' असा शेरा पडलेली फाईल साहेब बदलतात, इमारत बदलते, तरी कपाटातून हलत नाही! लेकीच्या हाती तो शेरा कुणी दिला कोण जाणे, पण मी तो कपाळाला लावला.

ती गेल्यावर पिशवी उचलून भाजीवालीकडे गेलो. म्हटलं, "बाई, एका माणसाचं जेवण ते केवढं, एकट्यापुरतं द्या." तिनं मान वर न करता अख्खा कोबी पिशवीत टाकला.

उद्या सोमवार. म्हणजे कोबी. आणि तोही दोन प्रतींत.