बैठकीतला काचेचा हौद

हॅलो?… हॅलो! हाव, चांदा. हाव हाव, लाकडाच्या टालीचाच फोन. मीच सुगंधाबाई… नागपूर? जोडा ना मंग.

हॅलो?… कोण, कमळा? अव माय! ननंदबाईचा फोन, अन् तो बी भर दुपारी! बरी हायेस ना?… पोरगी?… हाव, मी बी बरी. थांब, जरासा धर…

रुखमा, हांडी तशीच हौदात तरंगू दे. उपडी नको करू अजून! हांडीतलं पाणी अन् हौदाचं पाणी एकसारखं होऊ दे, नाई तं झटक्यानं मरतीन मासोळ्या.

हाव, बोल कमळा… कोण रुखमा? अव, ढिवर मोहल्ल्यातली रुखमाबाई. घाटावर जाळं घेऊन राह्यते ती… इथीच हाये. बैठकीत. काऊन?

…मासोळ्या आणल्या तिनं, दुसरं काय? खायच्या नाई व, पाहायच्या… असं काऊन विचारतेस? काचेचा हौद तुनं पाह्यला ना! मुखरू मिस्त्रीनं सागाची चौकट केली, काचा बसवल्या… तू आली तेवा गळत होता, सारी सतरंजी ओली झाली. मंग पुन्हा फटीत लांबी भरली त्यानं. आता थेंब गळत नाई.

…तुह्या लाल मासोळ्या? त्या मेल्या ना व. मले लय वाईट वाटलं. कलकत्त्याच्या मासोळ्या, तुनं रेल्वेत डबा मांडीवर धरून आणल्या… नाई, नाई, तुही काही चूक नाई. जातच मोठी होणारी. अन् हौद केवढा? एवढासा. पाणी गढूळ करत, मंग वर येऊन तोंड उघडत, जशा काही सांगूनच राह्यल्या. रोज पाणी बदलवलं, तरी नाई वाचल्या.

मंग?… मंग रुखमानं मरळीचं पिल्लू आणलं. बोटाएवढं, पण रुबाब पाहावा! संगं बारक्या मासोळ्या टाकल्या. सकाळी पाह्यतो तं सारा हौद रिकामा, अन् हा एकटाच पोट फुगवून… हास, हास! रुखमा म्हणे, बाई, आमी मासोळी धरतो, पोसत नाई, मले काय माहीत! नेऊन सोडला मंग त्याले तलावात.

…आता ना? आता बोडीतल्या, शेताकडच्या लहान्या तळ्यातल्या आणल्या. बोटाच्या पेराएवढ्या, अंगावर काळा पट्टा. याहून मोठ्या होतच नाई म्हणे. कोणाले खात नाई, थव्यानं फिरते. अन् पाणी बी इथलंच, त्यायच्या ओळखीचं. चार-सहाच ठेवीन, बाकीच्या परत बोडीत. दाटीनं ठेवल्या की…

काय?… कोण म्हणे असं?… डोमा? तुह्या भावाचा, भाऊजींचा पोरगा? हाव, आला होता ना मागच्या हप्त्यात. माह्या हातचे वडे खाल्ले पोटभर. तिथी येऊन काय सांगतलं त्यानं?

…माळकऱ्याच्या घरात मासोळ्या… हाव… विधवा बाईनं असे शौक… हाव, सांग… ढिवरणीसंगं चहा पेते. कपबशीत. मंग कायच्यात पेऊ, करवंटीत?

कमळा.

कमळा, तू अशी हळू काऊन बोलून राह्यली? मघापासून ऐकून राह्यली मी. हे तुहे शब्द नाई. भाऊजी बाजूले उभे हायेत का?… नुसतं हाव म्हण.

…बरं.

नाई व, तुह्यावर काऊन रागवू? भावाच्या घरी राह्यतेस तू, लेकरू घेऊन. तुले तोंड उघडता येत नाई, माहीत नाई का मले?… अन् त्या लाल मासोळ्या कोणं आणल्या, ते माह्या तोंडून निघत नाई. भेऊ नको… रडू नको, त्यायले समजन. ऐक ना व, दिवाळीले ये इथी. पोरगीले घेऊन ये… ते पाहू मंग. आता फोन दे त्यायले… दे म्हणते ना!

…भाऊजी? नमस्कार करते… हाव… ऐकून राह्यली… नाई, हौद नाई काढत.

…कोणाच्या डोक्यातून निघालं म्हणजे? माह्याच… पहिल्या मासोळ्या? मीच आणवल्या. कमळाचा काही संबंध नाई.

…बरं, हौदाचं सोडलं. बोला… नागपूरले याचं? किती दिवस?… कायमचं. अन् टाल?… डोमाच्या ताब्यात द्याची. मोठ्या जाऊबाईचे गुडघे दुखते, सैपाक होत नाई… हाव, म्हणजे सैपाकाले बाई पायजे. तं तसं म्हणा ना भाऊजी! बिचाऱ्या मासोळ्यायचं नाव काऊन घेता?

…उलट नाई बोलत मी. सरळच बोलून राह्यली.

…बाई माणसाले टाल जमत नाई? वरीस होत आलं, कोण चालवून राह्यलं मंग? परवा आलापल्लीच्या गाड्या आल्या, मी उनात उभी राहून माल उतरवून घेतला. ठेकेदार पहिले माह्याशी बोलेच ना. मी विचारू, अन् तो नानाजी दिवाणजीकडे पाहून सांगे. आता माह्याकडे पाहून सांगते… लोकं काय म्हणते ते लोकायले म्हणू द्या.

…काय म्हणाले?

…तुमचे भाऊ असते तं?

भाऊजी, त्यायचं नाव असं नका काढू. ते गेले तेवापासून इथी लोकं येत. माह्यापुढे बसत, मान हालवत, अन् जात. मी भिंतीले पाठ लावून बसू अन् समोरची भिंत पाहू. सारा उन्हाळा पाह्यली ती भिंत. कुठी पोपडा निघाला, कुठी खिळा हाये, सारं पाठ झालं. एक दिवस मुखरूले म्हटलं, इथी काही हालणारं ठेव रे बाबा… बस. एवढंच झालं. याच्यात काय पाप केलं मी?

…वाचते ना पोथी. पोथी बी वाचते अन् मासोळ्या बी पाह्यते. देवानं डोळे देल्ले हायेत.

…ऐतवारी येता? या ना! डोमाले बी आणा, जेवण करून जा. पण सामान बांधलेलं नाई दिसणार. अन् बैठकीत रुखमाबाई बसली असन तं तिले उठ म्हणणार नाई मी… नाई, तुमच्यासाठी बी नाई.

…काय?

…संबंध तोडता?

…ऐकलं. पुन्हा म्हणू नका भाऊजी, एकदा ऐकलं तेच लय झालं… नाई, रडत नाई. लग्न होऊन आली तेवापासून तुमच्या पायावर डोकं ठेवत आली मी. ऐतवारी आले तं पुन्हा ठेवीन. पण बाई पायाशी वाकते म्हणून तिले उचलून नेता येत नाई. तोडाचे असन तं तुमी तोडा. मी नाई तोडले… अन् कमळाले काही बोलू नका. तिले जाच झाला असं समजलं तं मीच येईन नागपूरले. सैपाकाले नाई, तिले घेऊन याले.

…हाव, इथीच आणीन. माह्याच घरी… घरात जागा हाये, टाल चालते, काऊन नाई?

हॅलो?… हॅलो! मधात कोण?… एक्स्चेंजवाले? वेळ संपली?… नागपूरवाले अजून तीन मिनिटं मागते?

नाई भाऊ, नका वाढवू. त्यायले सांगा, चांद्याच्या बाईचं बोलून झालं. ठेवते.