कुकवाचा करंडा

(जऊळका, १९४३. युद्धामुळे रंगून सोडून आलेली रुख्मिणी निर्वासितांच्या मदत कमिटीमार्फत बारा-तेरा दिवसांपासून गोजराबाईच्या आसऱ्याला आहे.)

गोजराबाई : भाकर राहू दे तव्यावर, आंदी इकडं पाय! टेशनावर कारड आलं तुह्या नावाचं. मास्तरानं वाचून देल्लं आमच्या यायले.

रुख्मिणी : कोनाचं?

गोजराबाई : तुह्या नवऱ्याचं! जित्ता हाय जगदेव. आसामातल्या छावणीत हाय. कमिटीनं तुहा पत्ता देल्ला त्याले. पायाची जखम भरली, का येतो मनते.

रुख्मिणी : मावशी, थट्टा नोका करू.

गोजराबाई : अशी थट्टा करीन काय व मी? पन तू काहून नाई सांगितलं? हात रिकामे, कपाळ रिकामं, डोक्शाचे केस कापेल. मले वाटलं, रांडावली बिचारी. संक्रांतीले साऱ्या बायायले वान देल्लं अन तुले चुलीपाशी बसवलं.

रुख्मिणी : बांगड्या दवाखान्यात कापल्या. हात सुजले होते. केस तापात कापले.

गोजराबाई : अन कुकू?

रुख्मिणी : आली त्या दिशी मांगनार होती. मले सोडाले आलेला कमिटीवाला मानूस वसरीत तुमच्या कानाशी हयू हयू बोलला. मंग तुमी आत आल्या अन कुकवाचा करंडा उचलून वर कोनाड्यात ठेवला. मी समजली. वाटेत चुकामूक झाली तवापासून त्यायची खबर नोती. मले वाटलं, थे खबर तुमाले भेटली.

गोजराबाई : अव माय! थो तं तुह्या औषधाचं सांगून राह्यला होता. करंडा तं तुहा जीव दुखू नोये मनून वर ठेवला म्या. मले इचाराचं तं होतं!

रुख्मिणी : इचारलं असतं तं तुमी सांगितलं असतं.

गोजराबाई : मंग थे रोजची अर्धी भाकर? उकिरड्यावर ठेवत होती थे?

रुख्मिणी : कावयाले घास. त्यायच्या नावानं. आज तेरावा दिस होता.

गोजराबाई : अन मी शेजारच्या जमनाबाईले सांगत फिरली, का हे आयतं खाते अन अन्न फेकते मनून. तिच्या आंगनात, चार बायायसमोर सांगितलं व. त्यायले तोंड कसं दाखवू आता? तुले कसं दाखवू? जित्त्या मानसाचा दुखवटा कराले लावला म्या तुले.

रुख्मिणी : भाकर करपून राह्यली, मावशी.

गोजराबाई : करपू दे! तूच काढ करंडा, तूच लाव कुकू. माह्या हातानं नोको. लाज वाटते मले.

रुख्मिणी : तुमीच ठेवला होता वर. तुमीच काढा.