चहाजवळचा दिवा

थोरलीनं पेजेची गुळणी माझ्या तोंडावर थुंकली. श्रावण चालू होता, सकाळ चांगली वर आलेली, तरी खोलीत निळा अंधार, कारण खिडकीच्या ग्रिलला पावसाची निळी ताडपत्री बांधलेली, त्या उजेडात माणूस पाण्यात फुगून वर आल्यासारखं दिसतं. मी तोंड पुसलं आणि बोलले, बाय, थुंकायला ताकद आहे तर गिळायला का नाही? ती भिंतीकडं वळली आणि बोलली, मना मरू दे गो अनुसे. अंगावर तेच लुगडं, केसांच्या जटा झालेल्या, उशीला वास मारत होता. मला किळस आली. खोटं कशाला सांगू तुम्हाला, माया नंतर, आधी किळस.

थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. माझं माहेर वांगणीकडचं, चौथी झाली आणि शाळा बंद, मग लग्न होऊन पालेगावात आले तर ह्या बाईनं मला आवणी, भाताची लावणी, शिकवली. शिकवली म्हणजे काय, शिव्या दिल्या. माझी ओळ वाकडी गेली की लांबून ओरडायची, तुझ्या आयशीनं तुला सरळ बघायला शिकवलं नाय का गो. दिवसभर पावसात उभी, अंगावर इरलं, आणि कधी शिंक नाही. आता दोघींचे नवरे गेले, शेत गेलं, शेतावर इमारत आली आणि आम्हाला पहिल्या माळ्यावर घर मिळालं. थोरलीचा मुलगा संजय, त्याची बायको मनीषा आणि आम्ही दोघी. बिल्डरनं बोर्डावर केवढा मोठा सूर्य काढला होता. मग समोर दुसरी इमारत उभी केली, सूर्य बोर्डावरच राहिला.

तेव्हापासून हे लागलं. पाऊस आला, ताडपत्री चढली की थोरली मिटायची आणि दिवाळीच्या आसपास उघडायची. दरवर्षी आदल्या वर्षापेक्षा जास्त. आणि भेटायला येणारी माणसं! बिस्किटं आणायची, तीच चहात बुडवून खायची आणि बोलायची, काम नाही ना आता, म्हणून होतं असं. एकीनं लिंबू उतरून टाकलं, ते पलंगाखाली कुजलं, मीच काढलं. तिला बोलले, पुढच्या वेळी तुझं लिंबू तूच घेऊन जा. राग आला तिला. येऊ दे.

यंदा संजयनं तिला अंबरनाथ पूर्वेला डॉक्टरकडं नेली, आम्हीपण गेलो. तरुण डॉक्टर, पण बोलणं चांगलं. बोलला, आजी, काही माणसांचं मन उजेड कमी झाला की खचतं, म्हातारपणी माणूस घरातच बसतं म्हणून आणखी. गोळी दिली, डोळे तपासून घ्यायला लावले आणि एक दिवा सांगितला. सकाळी उठल्या उठल्या समोर लावून बसायचं, टक लावून बघायचं नाही. संजय उल्हासनगरला दिवा आणायला गेला, मीपण गेले, नाहीतर तो काहीतरी भलतंच उचलून आणेल. दुकानातला सिंधी शेठ बोलला, अम्मा, घर में शादी है क्या? मी बोलले, मरण है, वो रोकने का है. त्यानं बरोबर तसला दिवा काढून दिला, पाटीएवढा, पांढरा फटक.

आता काय सांगू तुम्हाला, डॉक्टरनं सकाळी सांगितलं होतं, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. पण दिवसाउजेडी माणसाच्या उशाशी दिवा आमच्यात कधी लावतात? मयत झाल्यावर. मनीषा एवढी शिकलेली, तीपण बोलली, नको काकी, बरं दिसत नाही. थोरलीनं तर डोळेच मिटून घेतले, बोलली, मी अजून हाय गो. म्हणून आम्ही तो दिवा तिन्हीसांजेला लावला, देवाच्या दिव्याबरोबर. थोरलीनं त्याला हात जोडले. मीपण जोडले, गाढवासारखे. आणि तिची होती नव्हती ती झोप उडाली. रात्र रात्र उठून बसायची, नखांनी भिंतीचा रंग खरवडायची, दिवसा मेल्यासारखी पडायची. खाणं सुटलं. तेव्हाची ती पेज.

मी तोंड धुतलं आणि संजयला बोलले, रिक्षा आण. डॉक्टरनं विचारलं, दिवा कधी लावता? संध्याकाळी, मी बोलले, सकाळी मयताजवळ लावतात. त्यानं कपाळाला हात लावला, पण हसला नाही. बोलला, मग आजी, माणसाजवळ लावू नका. चहाजवळ लावा.

घरी आले आणि कोयत्यानं ताडपत्री फाडली. मनीषा ओरडली, काकी, सोफा भिजेल! भिजू दे तुझा सोफा. दिवा ओट्यावर चहाच्या पातेल्याशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीला दंडाला धरून आणली, समोर खुर्चीवर बसवली, मांडीवर भिजवलेल्या वालांची ताटली दिली. श्रावणात वालांचं बिरडं लागतंच आमच्याकडं. सोल बोलले. ती सोलेना. मी सोलले. रोज तेच, दिवा, चहा, वाल, आणि ती बाहुलीसारखी बसलेली. गोळी चालूच होती. संध्याकाळी दिवा फडक्यात गुंडाळून ठेवायचे.

हळूहळू रात्री पडून राहायला लागली. मग बोटं हलायला लागली, एक वाल, दोन वाल. मला वाटलं, चला, हात तरी जिवंत आहेत. मग एका सकाळी तिनं ताटली नाकाशी नेली, तोंड वेडंवाकडं केलं आणि बोलली, अनुसे, हे किडके वाल कोणी आणले गो? तुझे डोळे फुटले काय? श्शी!

मी आणले होते. वाल अजिबात किडके नव्हते. मी चहा ओतला. तो पण तिला पांचट लागला.

आता बाहेर अजून पाऊस आहे. सोफ्याला बुरशी आली, मनीषा माझ्याशी नीट बोलत नाही. पुढच्या पावसात परत मिटेल थोरली, मिटली तर दिवा आहे, मी असले तर मी आहे. काल बिरडं खाल्लंन आणि बोलली, मीठ घालायला विसरलीस काय. दोनदा वाढून घेतलंन.

त्या निळ्या खोलीत आम्ही दोन म्हाताऱ्या होतो. अजून दोघी आहोत.