फाटकावरची पिशवी

सुट्टीला पोरांना घेऊन पॅरिसहून खेड्यात आलेली सोलेन पाववाल्याच्या गाडीपाशी रांगेत उभी होती. पुढे दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"अगं, काल आपल्या गास्तोंनं पावावाचून नुसतं सूप पिऊन रात्र काढली."

"का? पाववाला फाटकावरच्या पिशवीत टाकून जातो की रोज."

"टाकला होता. हा नव्वदीचा माणूस काठी टेकत बर्फातून फाटकाशी गेला, तर पिशवी रिकामी! ही बघ त्याची पिशवी, आज मीच घेऊन आलेय."

"कोल्ह्यानं नेला असेल."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणतो, कोल्हा जाताना पिशवीला गाठ मारून जातो होय?"

"मग चोरीच की गं!"

"चोरी नाही म्हणे. थंडीनं खिडक्या बंद, कुणाला वाटलं असेल म्हातारा मेला."

काल त्याच फाटकाशी सोलेन पोरांना म्हणाली होती, "खा रे, इथं कोण राहतंय!"

"तुम्हाला काय देऊ, बाई?" पाववाल्यानं विचारलं.

"दोन पाव. एक... यांच्या पिशवीत घाला."

पिशवीवाल्या म्हातारीनं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि ती गाठ सोडायला घेतली.